कार्गोनं पाठवलेले चार टायर

माझ्या मुलीनं टायरबद्दल मला विचारलं, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. आता वाटतं, तिनं विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

माझी शाळा चौथीपर्यंत. लांज्याजवळच्या एका वाडीतून मी बहरीनला आलो तो चोविसाव्या वर्षी, आणि आलो तसा टायरच्या दुकानातच आहे. आधी हूऱ्याला होतो, मग अरबाबनं, म्हणजे आमच्या मालकानं, दुकान मआमीरला आणलं. बेचाळीस वर्षं झाली. मालक वारला, त्याचा मुलगा मालक झाला, तोही आता आजोबा झालाय. मी आहे तिथंच आहे. दर वेळी व्हिसा रिन्यू करताना तो म्हणतो, 'चाचा, घर जाओ, आराम करो.' मी म्हणतो, 'इंशाल्ला,' आणि जॅक उचलतो.

मला इंग्रजी वाचता येत नाही. आकडे येतात. टायरवर कामाचं जे असतं ते आकड्यांतच असतं. माप आकड्यात, वजन आकड्यात, आणि कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला तेही चार आकड्यांत. इथं ऑगस्टात रस्त्यावर हात ठेवला तर कातडी निघेल. मऊ रबर त्या रस्त्यावर टिकत नाही, जुनं रबर फुटतं. म्हणून माझं ठरलेलं होतं. रबर कडक पाहिजे, तारीख ताजी पाहिजे, वजनाचा आकडा मोठा पाहिजे. हे मला कुणी शिकवलं नाही. फुटलेले टायर उचलून उचलून शिकलो. त्यामुळे टायरच्या बाबतीत मी कुणाचं ऐकायचो नाही. सीफ भागातल्या ऑफिसांतले मोठमोठे साहेब गाडी घेऊन यायचे आणि मी सांगेन तो टायर मुकाट घेऊन जायचे. याचा मला फार गर्व होता.

मुलगी नर्स आहे. नऊ वर्षं झाली, कॅनडात असते. नवरा आहे, सहा वर्षांची पोर आहे. तिचं काम घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना बघायचं. कुणाची जखम बांध, कुणाला इंजेक्शन दे. घरं लांब लांब, मधे सपाट शेतं, आणि वर्षातले पाच-सहा महिने सगळ्यावर बर्फ. एकदा फोनवर म्हणाली, 'बाबा, आम्ही पिकअप बुक केली. इलेक्ट्रिक.'

'बॅटरीवरची?'

'हो.'

'ती गाडी काय गो, का टॉर्च?'

'तुमच्या दुकानासमोरनं गेली तर आवाजपण येणार नाही तुम्हाला. धूळ फक्त दिसेल.'

मी विचारलं, वजन किती. तिनं सांगितलं. जवळजवळ तीन टन. एवढी बॅटरी पोटात घेऊन फिरायचं म्हणजे टायर साधे चालायचे नाहीत. मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली, 'तेच विचारायचं होतं. इथं हिवाळ्याचे टायर वेगळे मिळतात. दोन-तीन बघून ठेवलेत. तुम्ही सांगा कुठले घेऊ.'

आता मला कळतं की तिनं ते मला बरं वाटावं म्हणून विचारलं होतं. तिथल्या दुकानदारानं तिला सगळं सांगितलंच असणार. पण मला वाटलं, एवढी शिकलेली पोर, शेवटी बापाकडे आली.

तिनं फोटो पाठवले. रबरावर सुरीनं बारीक बारीक चरे मारल्यासारखे दिसत होते. मी तिला दुकानात जाऊन अंगठ्यानं दाबून बघायला सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी खरोखर जाऊन दाबलं. 'मऊ आहेत, बाबा. खोडरबरासारखे.'

'मग खलास. घ्यायचे नाहीत.'

'पण इथं सगळे हेच…'

'सगळ्यांचे बाप टायरवाले आहेत काय?'

ती हसली. म्हणाली, 'नाही.' त्या हसण्याला मी होकार समजलो.

गाडी यायला वेळ होता. कंपनीनं आधी जून सांगितला, मग ऑगस्ट, मग नुसतं कळवतो म्हणाले. तेवढ्या महिन्यांत मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून टाकलं की माझी मुलगी बॅटरीची पिकअप घेतेय आणि तिचे टायर मी निवडतोय. वाळवंटात जाणाऱ्या मोठ्या गाड्यांना आम्ही एक टायर घालतो. ठोकळ्या ठोकळ्यांचा, दगडासारखा, वजन पेलायला एक नंबर. तोच मी ठरवला. त्याच्या कडेला इंग्रजीत दोन अक्षरं असतात. त्यांचा अर्थ चिखल आणि बर्फ असा होतो, हे मला एका सेल्समननं कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे बर्फाचंही काम झालं. बेचाळीस वर्षांत मी बर्फ पाहिला होता तो मासळीच्या पेटीतला.

एक पुण्याचे इंजिनीअर आमचं गिऱ्हाईक. सीफला कुठल्या तरी कंपनीत आहेत. पन्नाशीचा शांत माणूस, मला काका म्हणायचे. त्यांची गाडी वर चढवलेली होती आणि मी दुकानातल्या चार माणसांना माझ्या टायरची गोष्ट सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाले, 'काका, एक सांगू का? मी दोन हिवाळे नॉर्वेत होतो. थंडीत कडक रबर आणखी कडक होतं. लाकडासारखं. पकडच राहत नाही. तिकडे मऊच लागतं.'

'ह्याच्यावर बर्फ लिहिलेला आहे, साहेब.'

'लिहिलेलं असतं हो. पण खऱ्या बर्फाच्या टायरवर डोंगराचं चित्र असतं. डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. ते बघून घ्यायला सांगा तिला.'

'चित्रं बघून पोरं शिकतात, बालवाडीत,' मी म्हटलं. माणसं हसली. ती हसली म्हणून मी थांबलो नाही. 'तुमचे वडील काय करायचे, साहेब?'

'बँकेत होते.'

'मग तुम्ही त्यांना नोटांचं विचारा. माझ्या मुलीला टायरचं मी सांगतो.'

सगळे मोठ्यांदा हसले. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी पैसे दिले आणि किल्ली घेऊन गेले. मला वाटलं, जिंकलो.

तिकडच्या दुकानदारावर माझा भरवसा नव्हता. शिळा माल देतील. म्हणून मी इथूनच चार टायर घेतले, त्याच महिन्यातल्या तारखेचे, आणि कार्गोच्या ऑफिसात नेले. आम्ही इथली माणसं घरी जे काही पाठवतो ते कार्गोनंच. ब्लँकेट, दुधाची पावडर, साबण, पोरांचे बूट. चाळीस वर्षं मी खोकी भरत आलो. माया करायची दुसरी रीत मला आलीच नाही. कार्गोवाला मल्याळी. टायर बघून म्हणाला, 'चाचा, कॅनडा में टायर नहीं मिलता?'

'ऐसा नहीं मिलता,' मी म्हटलं.

त्यानं गोणपाटात शिवून वर पत्ता लिहिला. बोटीनं गेले.

मग मी मुलीला फोन केला. बायको गावाला असते, तिलाही त्याच फोनवर घेतलं. मी म्हटलं, 'बाय, गाडी आली की हेच चढवायचे. शब्द दे.'

'देते, बाबा.'

'असा नको. आईची शपथ घे.'

पलीकडून बायको म्हणाली, 'माझी कशाला? तुमच्या टायरसाठी मी का मरू? स्वतःची घ्यायला सांगा की.'

आम्ही तिघंही हसलो. पण मी हट्ट सोडला नाही, आणि मुलीनं शपथ घेतली. आमच्याकडे घातलेली शपथ म्हणजे गंमत नसते. ज्याची शपथ असेल त्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय ती सुटत नाही. मुलगी कॅनडात राहिली काय नि कुठं राहिली काय, ती त्याच घरात वाढलेली.

गाडीच्या आधी टायर पोचले. तिच्या गॅरेजमध्ये ते दोन महिने एकावर एक पडून होते आणि नात त्यांच्या मधल्या भोकात बसून खेळायची. नोव्हेंबर लागता लागता गाडी आली. तिचा व्हिडिओ आला. काळी, रुबाबदार, आवाज नाही. मी तो दुकानात सगळ्यांना दाखवला. 'टायर चढवले?' विचारलं, तर म्हणाली, 'चढवले, बाबा.' पुढं दर वेळी मी विचारायचो, टायर कसे आहेत, आणि ती म्हणायची, 'एकदम मस्त.'

महिन्याभरानं तिनं एक फोटो पाठवला. घरासमोर बर्फ, त्यात गाडी उभी, आणि गाडीला टेकून नात. पुढची चाकं बर्फाच्या ढिगामागं, मागची अंधारात. टायर कुठंच दिसत नव्हते. पण गाडी जिथून आत आली होती तिथं बर्फावर तिचा माग होता.

वाळूतला माग बघून कुठल्या टायरची गाडी गेली हे मी सांगू शकतो. त्यावर मी पैजेचे पुष्कळ चहा प्यायलोय. माझ्या टायरचा माग म्हणजे मोठे ठोकळे, मधे बोटभर रुंद चर. इथं बारीक बारीक वाकड्या रेघा होत्या, एकीला एक चिकटून, चकलीच्या सोऱ्यातून काढल्यासारख्या. ते माझे टायर नव्हते. मी फोटो मोठा करून तीनदा बघितला.

मला संताप आला. खोटं बोलली. आईची शपथ घेऊन खोटं बोलली. मी तिला नाही, तिच्या आईलाच फोन लावला.

'तुझ्या लेकीनं माझे टायर काढून टाकलेत.'

'बरं.'

'बरं काय? तिनं शपथ घेतली होती. तुझी.'

'माझी होती ना? मग मीच सोडली.'

मला कळेना. मी म्हटलं, 'काय केलंस?'

'सुटली म्हटलं तिला. फोनवर. तीन वेळा म्हटलं.'

'कुणाला विचारून?'

बायको एरवी माझ्या आवाजापुढं बोलत नाही. त्या दिवशी बोलली. म्हणाली, 'गाडी घसरली तिची. पोर मागं बसलेली होती. पहिल्या आठवड्यातच. ब्रेक दाबला, चाक फिरवलं, आणि गाडी सरळ गेली ती गेली. रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यात जाऊन अडकली. कुणाला लागलं नाही, ते आपलं नशीब. टायर बसवायला नेले तेव्हा तिकडचा दुकानवाला तिला म्हणाला होता, बाई, हे हिवाळ्यात नका घालू. ती काय म्हणाली माहितीय? म्हणाली, माझे वडील चाळीस वर्षं ह्याच धंद्यात आहेत, त्यांना कळतं.'

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

'खड्ड्यातनं गाडी काढल्यावर तिनं मला फोन केला. रडत होती. मला वाटलं, घाबरली म्हणून रडते. तर म्हणते, आई, आता मी काय करू, बाबांना काय सांगू. पोरीला लागलं असतं याचं नाही, बाबांना काय सांगू याचं रडू. म्हणून सोडली शपथ. तुम्हाला सांगू नको म्हणूनही मीच सांगितलं. आता ओरडायचं तर माझ्यावर ओरडा.'

मी फोन ठेवला. ओरडायला तोंड नव्हतं.

तरी माझा स्वभाव बघा. दोन दिवस मी मनात म्हणत होतो, टायरचा काय दोष, तिनं ब्रेक जोरात दाबला असेल. आमच्या शेजारी एक कोल्ड स्टोर आहे, म्हणजे दूध-पाव-आइसक्रीमचं दुकान. मी त्याच टायरच्या एका फाटक्या तुकड्यातून तळहाताएवढं रबर कापलं, धुतलं, पिशवीत घातलं आणि दुपारी कोल्ड स्टोरवाल्याला म्हटलं, हे आइसक्रीमच्या फ्रीजरमध्ये ठेव. तो म्हणाला, 'चाचा, तबियत ठीक है?' पण ठेवलं त्यानं, कुल्फ्यांच्या खाली.

संध्याकाळी काढलं. नख दाबलं, नख रुतेना. वाकवलं, वाकेना. त्याच्या काउंटरवर आपटलं तर टक असा आवाज आला, पाट आपटल्यासारखा. रबराच्या वासात चाळीस वर्षं श्वास घेतलेला माणूस मी, आणि रबर असा आवाज करू शकतं हे मला माहीत नव्हतं. कोल्ड स्टोरवाला बघत होता. मी त्याला काही सांगितलं नाही. तो तुकडा हातात धरून बाहेर उभा राहिलो. पाच मिनिटांत तो पुन्हा मऊ झाला, इथल्या हवेत. पुण्याच्या साहेबांनी मला हे एका वाक्यात सांगितलं होतं.

ते साहेब त्याच आठवड्यात आले. गाडी पुढच्या चाकामुळं एका बाजूला ओढत होती. त्यांची गाडी वळताना दिसली आणि मी दुसऱ्या माणसाला पुढं करून मागं संडासात जाऊन बसलो. सहासष्ट वर्षांचा माणूस. बाहेर त्यांचा आवाज ऐकू येत होता, 'काका नाहीत का आज? कॅनडाची गाडी आली का त्यांच्या मुलीची?' साध्या आवाजात विचारलं त्यांनी. मी कडी लावून बसून राहिलो, त्यांची गाडी जाईपर्यंत. त्यांना अजूनही मी काही बोललेलो नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच आहे.

मुलीला फोन करायला आठ दिवस लावले. शुक्रवारी सुट्टी. आमची दुपार टळली की तिची सकाळ होते. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. अरबाबला मी ते वाक्य कधी म्हटलं नाही, बायकोला तर नाहीच.

'काय बाबा, आठ दिवस कुठं होता? तब्येत बरी ना?'

'बरी. गाडी कशी आहे?'

'छान. तुमचे टायर तर एकदम…'

'नको, बाय.'

ती थांबली.

'फोटोत माग बघितला मी,' मी म्हटलं. 'बर्फावरचा.'

तिच्या मागं नात इंग्रजीत काहीतरी मागत होती, तिला तिनं दबक्या आवाजात थांब म्हटलं. मग म्हणाली, 'आईनं सांगितलं?'

'माग आधी बघितला. आईनं नंतर सांगितलं.'

'तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा. तुम्ही एवढ्या लांबून पाठवले…'

'पोर काय करत होती तेव्हा? मागं बसून.'

'गाणं म्हणत होती. गाडी थांबल्यावरसुद्धा थोडा वेळ म्हणत होती. मग माझ्याकडे बघून रडायला लागली.'

आता ते वाक्य म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं, तर, 'तारीख ताजी होती त्यांची.'

'हो, बाबा,' ती म्हणाली. 'तारीख ताजी होती.'

जशी ती आपल्या पेशंटांशी बोलत असेल, तसं बोलली. मला सांभाळून घेत होती. आजही, त्या खड्ड्यानंतरही. आणि मला दिसलं की हे काही टायरपासून सुरू झालेलं नाही. ही पोर लहानपणापासून मला सांभाळून घेत आली असणार, आणि मी समजत होतो की ती मला मानते. माझ्या घरातल्या बायकांना मला खरं सांगायची सोय मी ठेवलीच नव्हती. त्यासाठी त्यांना आपसात शपथा सोडवाव्या लागत होत्या.

'माझं चुकलं,' मी म्हटलं. 'टायरचं तर चुकलंच. शपथ घातली ते जास्त चुकलं.'

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं फोन कट झाला, म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

'आहे मी,' ती म्हणाली. 'बाबा, मला निघायला हवं. पहिल्या आजी लांब राहतात.'

'बर्फ आहे?'

'रात्रभर पडलाय.'

'जायलाच पाहिजे?'

'त्यांचं इंजेक्शन असतं सकाळी.'

मी 'हळू जा' म्हणणार होतो. पण तिला गाडी कशी चालवायची हे सांगायचा मला काय हक्क राहिला होता? मी नुसतं 'बरं' म्हटलं.

त्या दिवशी तिला पाच घरं होती. दर घरी पोचल्यावर तिनं मला मेसेज केला, मराठीत, मला वाचता यावा म्हणून. 'पोचले.' मी मागितला नव्हता. पाच वेळा आला. मी खोलीत कॉटवर बसून एकेक वाचला. उत्तर द्यायला काहीतरी लिहावं म्हणून फोन हातात धरला, पण एकालाही उत्तर दिलं नाही. पाचवा आला तेव्हा भांड्यातला भात गार झाला होता. तो तसाच खाल्ला.